पुढे धावणारे टाळ

"कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा," क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात एकेकापुढे हात जोडत त्रिशला आक्का म्हणत होत्या. दरवर्षी जो तो म्हणे, "अहो आक्का, तुमचं काय चुकणार!" आणि आक्कांनाही ते मनोमन पटे.

भजनी मंडळात तबला वाजवणारे जिन्नाप्पा मात्र यंदा म्हणाले, "केली, आक्का. बारा वर्षांची एकदम."

"कशाची?"

"तुमच्या टाळांची लय पळते. तुम्ही पुढं, आम्ही सगळे मागनं धावतोय."

आक्का चाटच पडल्या. बारा वर्षं त्यांना वाटत होतं, मंडळच रेंगाळतंय आणि आपण बिचारे त्याला ओढून नेतोय! त्यांनी कान धरले. संध्याकाळच्या भजनाला टाळ पिशवीतच ठेवून त्या मागे भिंतीला टेकून बसल्या.

भजन सुरू झालं. पहिलंच पद इतकं संथ चाललं की पुढे बसलेल्या काकूंची मान डुलता डुलता छातीवर आली. दुसऱ्या कडव्याला पेटीवाल्यानं जांभई दिली. जिन्नाप्पांचा हात तबल्यावरच थबकला आणि सगळं मंडळ वळून आक्कांकडे बघू लागलं.

"आक्का, टाळ काढा," जिन्नाप्पा ओशाळून म्हणाले.

"लय पळेल हो."

"पळू दे. आम्ही एवढे रेंगाळतो, हे आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? क्षमा करा."

उलट हात जोडायला आक्कांना सवड नव्हती. त्यांच्या हातांत एव्हाना टाळ आले होते.