पायातली कोल्हापुरी

"चपला घालून आत सोडत नाही, मॅडम," जिमखान्याचे सेक्रेटरी बखले दारातली पाटी दाखवत म्हणाले.

नीरजाचं डोकंच फिरलं. 'या, हा क्लब तुमचाच!' म्हणत तरुण सभासदांना बोलावणारी जिमखान्याची रील तिनेच बनवली होती. लाखो लोकांनी ती पाहिली, म्हणून तर आज आत तिचा सत्कार होता.

"मागच्या दाराने या. वेटरचे बूट देतो घालायला."

"माझ्या बाबांनी शिवल्यात या कोल्हापुरी," ती म्हणाली. "मागच्या दाराने नाही जायच्या."

जिमखान्याचं अकाउंट अजून तिच्याच फोनवर होतं. पाटी आणि चपला तिने एकाच फोटोत घेतल्या आणि बखल्यांच्या देखत तो टाकला. खाली लिहिलं, 'या, हा क्लब तुमचाच! येताना फक्त पाय दुसऱ्याचे आणा.'