पहिला रोडगा

रविवारी सकाळी साडेआठलाच धुरपताबाईनं सिंदी मेघेच्या टिनाच्या चर्चसमोर ऑटो थांबवला आणि गोवऱ्यांचं पोतं खाली ओढलं. मागोमाग कणकेचा डबा, वांग्यांची टोपली, वरणाचा गंज. उपासना दहाला होती.

चर्चचा सगळा कारभार पाहणारे अण्णाजी दारात सतरंज्या झटकत होते. अंगात पांढरा सदरा, इस्त्री अशी की बसायचीही भीती वाटावी.

"हे काय आहे, बाई?"

"नवसाचे रोडगे हायेत जी. येसूचा नवस फेडाले आली."

झालं. अण्णाजींच्या हातातली सतरंजी हातातच राहिली. नवस नको, नारळ नको, कोंबडा नको, हे तीस वर्षं सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. आणि ही बाई थेट दारात गोवऱ्या पेटवून त्यावर कणकेचे गोळे भाजायला निघालेली.

"आमच्यात नवस नसतो. सामान परत ऑटोत टाका."

"असं नोका म्हनू जी. माह्या लेकीची, रंजिताची पोरगी दवाखान्यात अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. म्या येसूले म्हनलं, पोरगी घरी येऊ दे, तुह्या दारात रोडगे करीन. पोरगी आली. आता नाई फेडला अन् तिले काई झालं त?"

गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाचा नवस तिनं फेडला होता, मारुतीचाही फेडला होता. अंगावर नवस ठेवणारी बाई नव्हती ती.

"पण येशूचं तुम्हाला सांगितलं कोणी?" अण्णाजींचा आवाज चढला.

शालू आत खिडक्या उघडत होती. बोलण्याच्या बाबतीत शालू म्हणजे अगदीच बिचारी. चर्चमध्ये येशूबद्दल चार शब्द सांगायला, साक्ष द्यायला उभी राहिली की दोन वाक्यांत खाली बसायची. पण भाजीबाजारात, गुजरीत ती लिंबं घेऊन बसायची आणि शेजारी धुरपताबाई वांगी घेऊन. गिऱ्हाईक नसलं की शालू येशूची एखादी गोष्ट सांगायची. गिऱ्हाईक आलं की अर्धी राहायची, दुसऱ्या दिवशी पुरी व्हायची. अशी चार वर्षं. यालाच साक्ष म्हणतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आताही ती गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. अण्णाजींसमोर तिची मान कधी वर झाली नव्हती. पण ती बाहेर आली, याचं मोल मोठं.

"म्या सांगतलं, अण्णाजी."

"नवस करायला सांगितलंस?"

"नाई जी. म्या म्हनलं, त्याले काईच लागत नाई. मांगा फक्त."

"काई लागत नाई म्हनते," धुरपताबाई मध्येच म्हणाली. "अन् तूच त सांगतलं ना व शालू, का तो मेल्यावर उठला, अन् तळ्याच्या काठी विस्तव करून बसला. रातभर जाळं टाकून थकलेल्या मानसाइले मच्छी भाजून देल्ली, भाकर देल्ली. म्हने, या, जेवा. देवानं सोताच्या हातानं विस्तव केला, मंग म्या काऊन नाई करावा?"

बायबलमधला हा उतारा अण्णाजींनी शंभरदा वाचला असेल. त्यातला विस्तव मात्र त्यांच्या कधी डोळ्यांत भरला नव्हता.

"कडुनिंबाखाली करा," ते शेवटी म्हणाले. "धूर आत यायला नको."

धूर आत आलाच. गाण्यात, वाचनात, प्रार्थनेत, सगळीकडे भाजल्या कणकेचा वास. पाळकांनी प्रवचन दहा मिनिटं आधीच आटोपलं, ते का, हे कोणी विचारलं नाही. शालू त्या दिवशी आत गेलीच नाही. धुरपताबाईसोबत निखारे सारत बसली.

कडुनिंबाखाली पंगत बसली. पण धुरपताबाई वाढेना. राखेतला पहिला रोडगा तिनं झटकला, तुपात बुडवला आणि ताटलीत घेऊन ती चर्चच्या दारात उभी राहिली. आत भिंतीवर नुसता लाकडी क्रूस.

"निवद दाखोल्याबिगर कसं वाढू? अन् इथं त मूर्तच नाई. ठेवू कुठं?"

सगळ्यांनी अण्णाजींकडे पाहिलं. अण्णाजींनी शालूकडे पाहिलं.

शालू बोलली, गुजरीत बोलायची तशी, हळू. "तो म्हनते, उपाशी मानसाले देल्लं, म्हंजे मलेच देल्लं."

"असं सांग ना मंग." धुरपताबाई पंगतीकडे वळली. "कोन उपाशी हाये?"

कोणीच नव्हतं. सगळी मंडळी घरून पोहे खाऊन आलेली. तेवढ्यात एक पोरगी हसत म्हणाली, "अण्णाजी आहेत ना. रविवारी उपासना होईपर्यंत ते नुसत्या पाण्यावर असतात."

धुरपताबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ताटली अण्णाजींच्या पुढ्यात ठेवली, हात जोडले आणि मातीला डोकं टेकवलं.

अण्णाजी दोन पावलं मागे सरले. "अहो बाई, उठा. माझ्या कसल्या पाया पडता?"

"तुमच्या नाई जी," ती डोकं न उचलता म्हणाली. "तुमी फक्त खा."

मग अण्णाजी त्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी तिथेच राखेच्या कडेला मांडी घालून बसले. रोडगा फोडताना त्यांची बोटं भाजली.

त्यांनी पहिला घास गिळला, तेव्हा कुठे धुरपताबाई उठली.

"फिटला," ती म्हणाली. "वाढ व शालू."