खिडकीवरच्या मुंग्या

नागूबाईनं काम सुरू व्हायच्या आधीच खाजामियाँची पिशवी उघडून बघितली. पटाशी, हातोडी, काच कापायचा हिरा, काच पक्की बसवायच्या लांबीचा गोळा. "जाताना पुन्हा दाखवा," ती म्हणाली आणि ओसरीवर खुर्ची टाकून समोरच बसली. खाजामियाँना राग आला नाही. मुरूम गावात तीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्यावर माणसाला एवढं कळतं, की वस्तू गेलेल्या घरात पाव्हण्याच्याही खिशाकडंच बघतात.

वस्तू म्हणजे नागूबाईची बोरमाळ. आठ दिवसांपूर्वी ती तिच्या खोलीतल्या कोनाड्यातून गेली. खोलीला कुलूप, किल्ली नागूबाईच्या कमरेला. रोज सकाळी झाडून काढण्यापुरती ती सुनेच्या हातात जायची. नागूबाईला तेवढं पुरलं. सून शिवकन्या आज कपड्यांची पिशवी भरून दाराशी बसली होती. तिचा भाऊ रणधीर माकणीहून तीनच्या एसटीनं तिला न्यायला येणार होता. चोर म्हणून माहेरी धाडलेली बाई पुन्हा मान वर करून चालत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मेहुण्याला फोन करून बोलावलं होतं ते तिच्या नवऱ्यानं, कुमारनं.

काम तसं किरकोळ होतं. खोलीची खिडकी ओसरीकडं. आतून गज, बाहेरून काचांची न उघडणारी लाकडी चौकट. खालची एक काच कोपऱ्यात तडकलेली. वाऱ्यानं तडकली असंल, असं कुमारचं म्हणणं. चिकटपट्टी लावू, काचवाला कशाला, हेही त्याचंच. पण फुटकी काच घरात ठेवू नये, म्हणून आईनं ऐकलं नाही.

खाजामियाँनी तडकलेली काच काढली. जुनी लांबी पटाशीलाही दाद देत नव्हती. नव्या काचेचं माप घेताना त्यांची नजर शेजारच्या काचेवर गेली. तिच्या कडेनं तांबड्या मुंग्यांची ओळ चालली होती. त्यांनी नखानं त्या कडेची एक खपली काढली, वास घेतला, जिभेला लावून बघितली. मग मुकाट्यानं माप घेऊ लागले. आपल्याला काय करायचंय, असं त्यांना आधी वाटलं. काचा काढायचं कसब गावात ज्याच्या हाती, संशय पहिला त्याच्यावरच जाणार. पण दाराशी बसलेली पोरगी पदरानं डोळे पुसत होती. त्यांना राहवलं नाही.

"अक्का, ही काच मधी कुणी काढली व्हती का?"

"कुणी न्हाय. बारा वर्सांखाली तुमीच बसवली की ती."

"मग ही माझी लांबी न्हाय. माझी खडूची अन् जवसाच्या तेलाची. तिला मुंगी तोंड लावत न्हाय. ही कणीक हाय."

नागूबाई उठली. तिनं काच बघितली, गज बघितले, गजांच्या पलीकडं खिडकीला लागून असलेला कोनाडा बघितला. काच नसली तर हात सहज पोचत होता. किल्लीचा काही संबंधच उरत नव्हता. हे कळायला तिला जरा वेळ लागला, पण कळल्याबरोबर तिनं तेही सुनेच्याच पदरात टाकलं.

"कणीक व्हय? मग परातीपाशी कोण असतंय दिसभर?"

"रोज किल्ली माझ्या हातात असती, आत्याबाई," शिवकन्या म्हणाली. "मला काच काढायची काय गरज?"

"तेच तर. दुसऱ्यावर जावं म्हणून काढली असशील."

खाजामियाँनीच विषय बदलल्यासारखं केलं. "आंगठ्यानं दाबलीय अक्का. ठसा तसाच वाळलाय बघा."

नागूबाईला तेवढंच हवं होतं. "बरं झालं. रेशनच्या मशीनला माझा आंगठा वळखू येत न्हाय, पर हितं समदं कळंल. ये गं, ठिव आंगठा."

शिवकन्या आली. तिनं त्या खळग्यात अंगठा ठेवला. बापाच्या चपलेत लेकरानं पाय घालावा तसा तो झाला. तिनं तो काढला नाही, सासूनं नीट बघेपर्यंत तिथंच धरून ठेवला.

"आता तुमचा," नागूबाई खाजामियाँना म्हणाली.

त्यांना ते अपेक्षितच होतं. लांबी दाबून दाबून त्यांचा अंगठा पसरट झालेला. तो खळग्यात शिरलाच नाही.

घरात आणखी एकच माणूस होतं. कुमार अंगणात मोटारसायकलीपाशी उभा राहून मघापासून सगळं ऐकत होता. त्याला कुणी बोलावलं नाही. कुणी त्याचं नावही घेतलं नाही. त्यानं आपले आपण दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

नागूबाईनं ते बघितलं आणि तिचं तोंड एकदम उतरलं. आठ दिवस घरभर फिरलेला तिचा संशय पोटच्या पोरावर येऊन थांबला होता, आणि आता तो तिला नको होता.

"खरवडा ती कणीक," ती हळूच म्हणाली. "तुमची लांबी भरा समदीकडं. अन् शिवकन्या, पिशवी आत नीऊन ठिव. भावाला फोन कर, येऊ नको म्हणावं. झालं गेलं."

खाजामियाँनी पटाशी उचलली. शिवकन्यानं पुढं होऊन ठशावर आपला तळहात आडवा धरला.

"थांबा, चाचा," ती म्हणाली. "त्याला फोन मी केला नव्हता. येऊ द्या. त्यानं बघितल्याबिगर हितं कुणी हात लावायचा न्हाय."