घंटीची वाटी

"पुन्हा सुटला?" इन्शिराहने हात पुढे केला.

उस्ता वजीहने मान खाली घालून सायकलच्या घंटीची वाटी तिच्या तळहातावर ठेवली. निकेलचा मुलामा कडेने उचलला होता, खालचं लोखंड उघडं पडलं होतं.

वजीह अलेक्झांड्रियाच्या ट्रामचा निवृत्त चालक, म्हणून सगळे त्याला मानाने 'उस्ता' म्हणत; विधुर. इन्शिराह विधवा. नवरा गेल्यापासून ती घराच्या गच्चीवर शेजाऱ्यांच्या कड्या, नळ, दारांच्या मुठी चमकवून द्यायची. तिचा मुलामा वर्षानुवर्षं हलत नाही, असं गल्लीत म्हणत. या एका वाटीवर मात्र तो धरत नव्हता.

"ताईचं नाव बुडवणार तुम्ही, उस्ता," भेंडी चिरत बसलेली धाकटी बहीण बहिगा म्हणाली. "नवी घंटी घ्या ना. बाजारात काय दुष्काळ पडलाय?"

"बापाची सायकल आहे," वजीह पुटपुटला.

"असू दे गं," इन्शिराह म्हणाली. "माझंच काहीतरी चुकत असेल."

तिने हातमोजे चढवले, चष्मा लावला. पाठमोरी होऊन वाटी घासली, धुतली. बरणीतल्या व्हिनेगरमध्ये निकेल मुरून पाणी हिरवं झालं होतं. एका बाजूला निकेलची पट्टी, दुसऱ्या बाजूला वाटी टांगून तिने बॅटरीच्या तारा जोडल्या. बारीक बुडबुडे उठू लागले.

"वारा येतोय तिकडे बसा. वाफ छातीत जायला नको."

"हे पाणी नंतर मोरीत ओतता का?"

हे त्याने मागच्या खेपेलाही विचारलं होतं. तिने तितक्याच हौसेने सांगितलं, "छे! विषारी असतं ते. डब्यात साठवून ठेवते."

बहिगाने चहा आणला आणि ती पुन्हा भेंडी चिरायला बसली. बंदरावर एक बोट भोंगा देऊन निघाली. तिघंही तिच्याकडे बघत राहिली. वजीहने ट्रामखाली येता येता वाचलेल्या एका गाढवाची गोष्ट सांगितली, आणि इन्शिराह डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "परवा निघतोय. मुलगा अस्वानला बोलावतोय. आता तिकडेच राहा म्हणतो."

बहिगाची सुरी थांबली. इन्शिराहने तारा सोडवल्या, वाटी काढून स्वच्छ पाण्यात बुडवली आणि फडक्याने उगाचच खूप वेळ पुसत राहिली.

"म्हणजे ही शेवटची खेप," ती म्हणाली.

"हो." वजीह उठला, जिन्यापर्यंत गेला आणि तिथूनच वळला. त्याचे कान लाल झाले होते. "एक कबूल करून जातो, सित्त इन्शिराह. तुमच्या हातात काही खोट नाही. मुलामा मीच घरी चाकूने खरवडत होतो. इथे यायला दुसरं निमित्तच सापडेना."

बहिगाने तोंडावर ओढणी दाबली. इन्शिराहने वाटी खाली ठेवली आणि हातमोजे काढले.

"चाकू कशाला झिजवलात, उस्ता?" ती म्हणाली. "मुलामा तसाही सुटणारच होता. दर वेळी तारा जोडण्याआधी मी वाटीवर तेलाचं बोट फिरवत होते."