टाकीतला गंज

"वहिनी, जरा लांब उभ्या राहा, डिझेल उडेल," म्हणत मेस्त्रीनं जुन्या पिकअपची टाकी खाली उतरवली.

चार महिन्यांपूर्वी भरदुपारी ही गाडी घाटाच्या दुसऱ्या वळणावर बंद पडली होती. मेस्त्रीचा मित्र, म्हणजे वहिनीचा नवरा, छाती धरून सीटवर कलंडलेला, आणि स्टिअरिंग वहिनीच्या हातात. दवाखाना वर राहिला, मित्र वळणावरच गेला.

"गाडी विकायची नाही मला," ती म्हणाली. "का थांबली, तेवढं फक्त सांगा."

मेस्त्रीनं टाकीत हात घातला. डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला हिरव्या साडीचा तुकडा घट्ट चिकटला होता. कॅनमधलं डिझेल फडक्यातून गाळूनच ओतायचं, हे मित्रानंच बायकोला शिकवलेलं. त्या दिवशी तिनं पदर फाडून गाळलं असणार, आणि घाईत तो तुकडा आत निसटला असणार.

त्यानं तो हळूच खिशात कोंबला. "गंज धरला होता हो टाकीनं. कुणाचा दोष नाही."

मग टाकी परत चढवून, नळी जोडून तो डिझेलचा हातपंप दाबत राहिला. हवेचे बुडबुडे एकेक करून निघून गेले, धार सलग झाली, आणि इंजिन कण्हत कण्हत जागं झालं. वहिनी थरथरत्या बॉनेटवर तळहात ठेवून उभी होती. मेस्त्रीच्या खिशातून एक दोरा लोंबत होता.

"भावजी, गंज हिरवा असतो का?"

मेस्त्रीनं तो दोरा बोटानं खिशात सारला.

"असतो, वहिनी. जुन्या टाकीचा असतो."