उसने पाहुणे

"अकरा नंबर! महमूदा खानम, कादंबरी 'तीन आंब्यांचं घर'! मंचावर यावं!"

कर्ण्यातून दुसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा महमूदा मंचाच्या पायरीलाच उभी होती. इस्त्रीची निळी साडी, खांद्याला बारा पुस्तकांची पिशवी, हातात संदेश मिठाईचा खोका. पिशवीतली वरची तीन पुस्तकं लाल कागदात गुंडाळून त्यांना रेशमी फीत बांधलेली. फीत ओढणारे तेवढे कुठे दिसत नव्हते.

ढाक्याच्या पुस्तकमेळ्यातली रीतच ती. नवं पुस्तक सजवून मंचावर न्यायचं, पाहुण्यांनी फिती ओढायच्या, पुस्तक छातीशी धरून फोटो काढायचा आणि एकाने माइकवर दोन शब्द बोलायचे. पाहुणे ज्याचे त्याने आणायचे. महमूदाने झिनाइदहच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, निवृत्तीनंतर कादंबरी लिहिली आणि पदरचे पैसे घालून छापली. प्रकाशक नाही, म्हणजे त्याची माणसंही नाहीत. तिने स्वतःची तीन बोलावली होती.

मैत्रीण फार्मगेटच्या रहदारीत अडकली होती. "अगं, मुंगीसुद्धा पुढे सरकत नाहीये! तू आटपून घे बाई." हेडमास्तरांचा फोन बंद. भावाचा मुलगा म्हणाला, "फुफू, ऑफिसातून निघताच येईना. फोटो टाक, मी पहिला लाइक करतो."

"आपा, आले का पाहुणे?" माइकवाल्याने वरून विचारलं.

"वाटेत आहेत."

"मघाशीही वाटेतच होते. तुमच्यानंतर दोन पुस्तकं, की मंच आवरायचा."

महमूदाला हारतुरे नको होते. एका परक्या माणसाने पुस्तक हातात घ्यावं आणि पहिलं पान संपल्यावर दुसरं उलटावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी निदान पुस्तकाचा कागद तरी सुटायला हवा होता.

मागे बारा नंबरचा कवी उभा होता. पिवळा झब्बा, भोवती लग्नाच्या वऱ्हाडासारखं गणगोत. त्याला कीव आली. "आपा, माझी पंधरा माणसं आहेत. तीन घेऊन जा की! हसना खाला, जा गं यांच्याबरोबर."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?" पानाचा तोबरा सावरत खाला म्हणाली.

"फीत ओढायला काय कळावं लागतं?"

अशी उसनी माणसं घेऊन महमूदा मंचावर चढली. फिती ओढल्या गेल्या, लाल कागद खाली पडला, फोटो निघाला. फोटोत नेमके महमूदाचे डोळे मिटलेले. मग माइक खालाच्या तोंडाशी आला.

"आता खोटं कशाला बोलू?" खाला म्हणाली. "पुस्तक मी वाचलेलं नाही. या बाई कोण, तेही ठाऊक नाही. पण जाडजूड आहे, म्हणजे मेहनत घेतलीय. अल्ला बरकत देवो."

लोक हसले, महमूदाही हसली. त्या दिवशीचं सगळ्यात खरं भाषण तेच असावं.

खाली उतरल्यावर तिघांनीही पुस्तकं परत केली. अगदी जपून. खालाने तर पदराने पुसून दिलं. "हे घ्या, तुमचं." संदेश मात्र कुणी परत केले नाहीत.

"झकास झालाय हो! कुठून आणला?"

"घरी केलाय."

"असा हात असताना लिहीत कशाला बसता?" म्हणत खाला आपल्या भाच्याच्या पुस्तकाला धावली.

महमूदा रिकामा खोका घडी करून पिशवीत कोंबत होती, तेवढ्यात शेजारी कुणीतरी खाकरलं. गळ्याला मफलर गुंडाळलेला एक म्हातारा. हातात जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेलं एकच पुस्तक.

"आपा, मी तेरा नंबर. अफसरुद्दीन. गोष्टी लिहिल्यात. माझंही... कुणी आलेलं नाही."

बारा नंबरचं आटोपल्यावर ती त्याच्याबरोबर पुन्हा मंचावर चढली. कॅलेंडरचा कागद सोडला. माइक पुढे आला तेव्हा तिने पुस्तक उघडून पहिलंच वाक्य वाचून दाखवलं. "माझी होडी बुडाली त्या दिवशी वाराही नव्हता." मग तिने पुस्तक मिटलं. "पुढचं घरी जाऊन वाचीन म्हणते," एवढं बोलून ती खाली आली.

अफसरुद्दीनने पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला. महमूदाने दिलं नाही.

"हे मी घेऊ?"

त्याने घाईघाईने मान डोलावली. तिने पैसे काढले तर त्याने कानाला हात लावला. मग खिशातून पेन काढलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"नाव काय घालू?"

तिचं नाव मघाशी कर्ण्यावरून दोनदा पुकारलं गेलं होतं. "महमूदा," ती म्हणाली.

नुसत्या सहीवर त्याचं भागलं नाही. त्याने पाच ओळी लिहिल्या. तोवर महमूदाने पिशवीतून 'तीन आंब्यांचं घर' अर्धं वर काढून ठेवलं होतं. पण पुस्तक तिच्या हातात देऊन तो वळला तो फोन कानाला लावूनच. "अगं, गेलं! एक गेलं! साफ परक्या बाईने घेतलं!" बोलत बोलत तो गर्दीत दिसेनासा झाला. बिचाऱ्याचा आनंद पोटात मावत नव्हता. महमूदाला राग आला नाही, पण अर्धं वर आलेलं पुस्तक खाली दाबताना तिचे डोळे भरून आले.

फाटकाबाहेर रिक्षावाल्याने पिशवी उचलली आणि तो वाकलाच.

"बापरे आपा, बरीच पुस्तकं घेतलीत!"

"एकच घेतलं," पिशवी मांडीवर ओढून घेत महमूदा म्हणाली. "बाकीची माझीच आहेत."