सकाळच्या पाळीची सिस्टर

"आईनं शेवटपर्यंत रोज माझं नाव घेतलं," आईच्या अंत्यविधीच्या उपासनेत दादा माइकसमोर म्हणाला. "धाकटी फोनवर सांगायची ना मला. आई विचारतेय, दादा जेवला का, दादाचा खोकला थांबला का. एवढ्या लांब राहून मला तेवढाच आधार होता."

पहिल्या बाकावर बसलेल्या धाकटीनं मान खाली घातली. दोन वर्षं ती भावाशी धडधडीत खोटं बोलत आली होती. आईनं दादाचं नाव घेतलं नव्हतं. तिचंही नाही. आई सगळ्यांनाच विसरली होती.

प्रार्थनामंदिर गच्च भरलं होतं. आई होतीच तशी. बत्तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. नवरा गेला तेव्हा दादा सात वर्षांचा होता, धाकटी तीन. रडायलाही सवड मिळाली नाही. रविवारी ड्यूटी संपली की त्याच कपड्यांत उपासनेला यायची आणि गायनमंडळात उभी राहायची. देवानं तिला सूर दिला नव्हता, आवाज मात्र दोघांचा दिला होता. गायनमास्तरांनी तिला गोड बोलून दाराजवळ उभं केलं, तर ती रस्त्यानं जाणाऱ्यांना आत बोलवायला लागली. मास्तरांनी हात टेकले.

वॉर्डात कुणाचंही पोर अत्यवस्थ झालं की ही खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना करायची. "आमचा देव वेगळा आहे हो, सिस्टर," एक बाप एकदा संकोचून म्हणाला. "असू द्या," ती म्हणाली, "पोर तर आपलंच आहे." नात, म्हणजे धाकटीची लेक, गणितात नापास झाली तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी आजी तिच्यासोबत बीजगणित शिकायला बसली. नात पास झाली. आजी म्हणाली, "मी परीक्षेला बसले असते तर काठावर सुटले असते."

मग हळूहळू विसरणं सुरू झालं. आधी गॅसवरचं दूध, मग उपासनेहून घरी यायचा रस्ता, मग माणसं. एका सकाळी धाकटी केस विंचरत होती, तर आई अदबीनं म्हणाली, "सिस्टर, तुम्ही नव्या का? ड्यूटी कितीपर्यंत आहे तुमची?"

धाकटीला वाटलं, थट्टा करतेय. थट्टा नव्हती.

धाकटी कपडे शिवायची. तिनं शिलाई मशीन उचलून आईच्या खोलीत आणलं. आंघोळ, जेवण, चादरी, सगळं स्वतः केलं. पहिला महिनाभर ती दिवसातून दहादा सांगायची, "अगं आई, मी धाकटी." दर वेळी आई ओशाळायची. आपलं काहीतरी चुकलंय, पण काय ते कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर यायचं. ते बघवेना, तेव्हा धाकटीनं सांगणं सोडलं. "मी सकाळच्या पाळीची," ती म्हणायची. आई निवांत व्हायची.

सगळं गेलं, प्रार्थना तेवढी राहिली. गीतं बिनचूक पाठ, आणि बेसूरही तशीच. आणि धाकटीला नेमका त्याच गोष्टीचा राग यायचा. देवाचं नाव पक्कं ध्यानात, पोटच्या पोरीचं नाही! आई डोळे मिटायची तेव्हा ती मुद्दाम मशीन चालवायची. दोन वर्षांत तिनं आईसोबत एकदाही 'आमेन' म्हटलं नव्हतं.

"आता धाकटी मुलगी दोन शब्द बोलेल," पाळकसाहेब म्हणाले.

धाकटीच्या लेकीनं रात्री स्वतः लिहून ठेवलेला कागद पुढे केला. धाकटीनं तो घेतला नाही. ती माइकपाशी गेली आणि तिनं सरळ भावाकडे बघितलं.

"दादा, मी तुझ्याशी खोटं बोलले. आई तुला विसरली होती. मलासुद्धा. मी तिच्यासाठी दवाखान्यातली कुणी सिस्टर होते."

दादानं रुमाल खाली घेतला. दोन मुलांचा बाप, पण आवाज निघाला तो सात वर्षांच्या पोराचा.

"मग शेवटी ती काहीच बोलली नाही का गं आपल्याबद्दल?"

धाकटीनं माइक जवळ ओढला. हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मंगळवारी सकाळी मी तिचे पाय पुसत होते. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. हात इतका हलका झाला होता, की मला हलताच आलं नाही. मग मीही डोळे मिटले. ती म्हणाली..."

आणि आईच्याच सावकाश, समजुतीच्या आवाजात धाकटी बोलली,

"'प्रभू, या सिस्टरचं नाव मला आठवत नाही, तुला ठाऊक आहे. हिच्या हाताला फार माया आहे. हिची आई जिथं कुठं असेल, तिथं तिला माझा एवढा निरोप दे. म्हणावं, बाई, लेक सोन्यासारखी वाढवलीस.'"